मी बंद केलं नव्हतं

फोन मध्येच कापण्याबद्दल मी आमच्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. समोरचं माणूस मला न पटणारं बोलायला लागलं की माझा अंगठा आपोआप लाल बटणाकडे जातो. नणंदेचा कापलाय, सख्ख्या भावाचा कापलाय, एकदा तर मुख्याध्यापकांचाही कापला आणि दुसऱ्या दिवशी रेंज गेली होती असं तोंड वर करून सांगितलं. त्यामुळे माझ्या मुलीचा कॉम्प्युटर जेव्हा आपल्या मनाने बंद पडायला लागला, तेव्हा तिने माझ्यावर विश्वास ठेवावा तरी का, हे मला आज कळतं. त्या वेळी मात्र मी नुसती गोंधळले होते, आणि गोंधळले की मला राग येतो.

कॉम्प्युटर तिने स्वतः जोडलेला. यवतमाळ जिल्ह्यात नेरला आमच्या घरी बसून ती पुण्यातल्या कंपनीचं काम करत होती, तेव्हा एकेक भाग कुरियरने यायचा आणि ती सतरंजीवर मांडी घालून स्क्रू पिळत बसायची. शेवटी जे उभं राहिलं त्याला एका बाजूने काच होती आणि आत लाल-निळे दिवे. शेजारीण बघायला आली, वाकून वाकून पाहिलं आणि विचारलं, मासे कधी सोडणार. हा खेळ खेळायचा कॉम्प्युटर आहे हे मी कुणाला सांगितलं नाही. ऑफिसचा आहे म्हणायची.

मग कंपनीने तिला पुण्याला बोलावलं. तिथे एका खोलीत तीन मुली, हे धूड ठेवायचं कुठे? ती लॅपटॉप घेऊन गेली, आणि जाण्याआधी मला एक खेळ शिकवून गेली. दोघींनी मिळून शेती करायची. मी पोट धरून हसले. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाय ठेवायला कुरकुरणारी पोरगी पडद्यावर भोपळे लावत होती! पण खेळ मला लागला. मी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या, घरी यायचं, चहा घ्यायचा आणि सातच्या सुमाराला कानाला हेडफोन लावून वावरात जायचं. मी ट्रॅक्टर नाल्यात घालायची, ती पुण्याहून काढायची. अर्धा तास खेळून झालं की मी कुकर लावायला उठायची.

घरात दुसरं कोणी नाही. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. तो होता तेव्हाही घरात आवाज असा नसायचाच. तो रुसला की महिना महिना बोलायचा नाही, आणि हट्टात मी त्याला हार जाणारी नव्हते.

दिवाळीत मी एक गाढवपणा केला. दारव्ह्याचं एक स्थळ आलं होतं, मुलगा बरा होता, माणसं बरी होती. मुलगी चार दिवस घरी आलेलीच होती, तर मी तिला न विचारता पाहुण्यांना बोलावून टाकलं. पोहे झाले, चहा झाला. ती बाहेर आली ती खांद्यावर बॅग घेऊनच. सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि सरळ बसस्टँड गाठलं. त्यानंतर तिचा फोन नाही, माझा ती उचलेना. आठ-दहा दिवसांनी मी उगाच कॉम्प्युटर लावला तर ती खेळात होती, एकटीच, भोपळ्यांना पाणी देत. मी जाऊन शेजारी उभी राहिले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "डिझेल भरून घे." बस, इतकंच. तेव्हापासून आम्ही फक्त तिथेच बोलायचो आणि फक्त शेतीचंच बोलायचो. मला मुलीपर्यंत जायला तेवढी एकच वाट उरली होती आणि ती मला घालवायची नव्हती.

त्याच सुमाराला माझ्या दिराने आमच्या पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर होता तिथेच, कापूस आणून टाकला. आमच्याकडे वेचणी झाली की कापूस घरातच भरतात आणि बरा भाव येईपर्यंत तो घरच्या माणसासारखा राहतो. दिराच्या घरची जागा भरली की माझी खोली ठरलेली. या खेपेला ढीग खिडकीच्या चौकटीला टेकला. टेबल कोपऱ्यात गेलं, पडदा त्यावर राहिला आणि काचेची पेटी खाली फरशीवर आली. ती डुगडुगायला लागली, म्हणून मी त्याच ढिगातला ओंजळ-ओंजळ कापूस घेऊन, सरकी काढून, एक छानशी गादी शिवली आणि पेटी तिच्यावर बसवली. आमच्याकडे जपायची वस्तू कापसातच ठेवतात. सोनं कापसात, अत्तराचा फाया कापसाचा, नवं बाळ कापसाच्या दुपट्यावर. मुलीची एकच वस्तू घरात उरली होती, ती मी फरशीवर कशी ठेवणार?

होळी झाली, ऊन तापायला लागलं. एका रविवारी खेळता खेळता ती नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. इकडचं तिकडचं बोलली, शाळेचं विचारलं, शेजारणीचं विचारलं. मग म्हणाली की दिवाळीचं काही बोलायचं आहे. शेजारणीचे कान लांब, म्हणून मी उठून खोलीचं दार लोटलं, पंख्याच्या आवाजात ऐकू येईना म्हणून पंखाही बंद केला, आणि परत येऊन बसले. तिने घसा साफ केला, बोलायला सुरुवात केली, आणि टप्प. पडदा काळा, दिवे गेले, हेडफोन मुका.

खरं सांगते, मला आधी हायसं वाटलं. चोरी पचल्यासारखं वाटलं. मग वर पाहिलं तर ट्यूबलाइट चालू. म्हणजे लाइन गेलेली नव्हती. बटण दाबलं, पेटी ढिम्म हलेना. दहा मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशी सुरू झाली. तोवर मुलगी निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, लाइन गेली होती का. मी म्हटलं नाही, आपोआपच बंद पडलं. ती "बरं" म्हणाली. हे "बरं" मी ओळखते, ते माझ्याकडूनच तिच्यात गेलंय. त्याचा अर्थ, माझा विश्वास नाही पण वाद घालायची इच्छाही नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. तिने विषय काढला, मी दार लोटलं, ती दोन वाक्यं बोलली आणि टप्प. तिसऱ्यांदा झालं तेव्हा ती दुसऱ्या दिवशी खेळातच बोलली. आवाज चढवला नाही, तेच वाईट.

"आई, खेळताना एक दिवस बंद पडत नाही. मी बोलाले लागली का पडते. मी काय बोलून राह्यली हे मशीनले कसं कळते?"

मला स्वतःलाच तो प्रश्न पडला होता.

मी वायरमन बोलावला. त्याने बोर्ड उघडला, प्लग बदलला, नवीन एक्स्टेन्शन लावलं, टेस्टर घालून सगळीकडे पाहिलं आणि म्हणाला, काकू, तुमची लाइन माझ्या घरापेक्षा चांगली आहे. दोन दिवसांनी पेटी बंद पडली. मुलीला मी मेसेज केला. तिने कोरड्या शब्दांत कळवलं की पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचे आकडे दिसतात, एक प्रोसेसरचा, एक ग्राफिक्स कार्डाचा, त्यांचा फोटो पाठव. पाठवला. तिचं उत्तर आलं, "सगळं नॉर्मल आहे." डॉक्टरने रिपोर्ट नॉर्मल म्हटल्यावर आनंद व्हायला पाहिजे, पण इथे नॉर्मल म्हणजे मी गुन्हेगार.

मग तिने सांगितलं, धूळ काढ, रॅमची पट्टी काढून पुन्हा बसव. मी शाळेतून ब्रश आणला, काच उघडली, आतले पंखे पुसले, तर कापसाचे तंतू निघाले बारीक बारीक. रॅमची पट्टी खोडरबराने घासली, सोनेरी दात लखलखीत केले आणि जागच्या जागी बसवली. आम्लाची बाटलीही मी इतक्या जपून कधी उचलली नव्हती. पेटी सुरू झाली तेव्हा मी खरोखर देवाला नमस्कार केला. तीन दिवसांनी तिने दिवाळीचं नाव काढलं आणि टप्प.

शनिवारी मी पेटी चादरीत गुंडाळून एसटीने यवतमाळला नेली. खिडकीची जागा तिला दिली. कंडक्टरने दोनदा पाहिलं, तिकीट मात्र एकच फाडलं. दुकानदाराने पेटी टेबलावर आडवी टाकली, काच काढली, आत हवा मारली आणि कसलीशी कठीण परीक्षा लावून दिली. मी दिवसभर स्टुलावर बसून होते. दुपारचे दोन वाजले, चार वाजले, पेटी काही बंद पडेना. मी मनात म्हणत होते, पड गं बाई, एकदा तरी लोकांसमोर पड. संध्याकाळी दुकानदार म्हणाला, काकू, मशीन ठणठणीत आहे, घरी कोण वापरतं? मी म्हटलं, मीच. तो "हं" म्हणाला. त्याने माझं वय पाहिलं आणि चादर बांधायला मदत केली.

घरी आल्यावर पेटी पुन्हा तिच्या गादीवर बसवली. चौथ्या दिवशी बंद.

आता माझं डोकं चालेना. सत्तावीस वर्षं मी पोरांना पाहतेय, प्रयोगवहीत निरीक्षणाआधी अनुमान लिहून मोकळी होतात. मी ठरवलं, आपण तसं करायचं नाही. एक जुनी वही घेतली आणि लिहायला लागले. मंगळवार, दार उघडं, पंखा चालू, अर्धा तास, बंद नाही. रविवार, दार लोटलेलं, चाळीस मिनिटं, बंद. एका दिवशी दार उघडं ठेवून मी एकटीच तासभर भोपळे काढत बसले, बंद नाही. एकदा तासाने पडला, एकदा पस्तीस मिनिटांत. पानभर लिहून झालं. ठळक अक्षरात एकच गोष्ट दिसत होती, मुलगी महत्त्वाचं बोलायला लागली की तो बंद पडतो. अनुमान लिहायला पेन उचललं आणि वही मिटून ठेवली.

कारण मला माझीच भीती वाटायला लागली होती. माझाच पाय तर बटणाला लागत नाही? मला ऐकायचं नाही हे तर खरंच होतं. अंगठा जसा आपोआप जातो तसा पायही जात असेल, कोणी सांगावं. पुढच्या वेळी मी दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीवर मांडी घालून बसले. तिने विषय काढला. मी पायांकडे पाहत होते, ते जागच्या जागी होते. पेटी बंद पडली. मी नव्हते, हे मला तरी कळलं. पण ते सांगायचं कुणाला?

त्या दिवशी तिचा मेसेज आला. "राहू दे आई. तुले ऐकाचं नाही, समजलं मले. शनिवारी शेवटचं खेळू, मग मी वावर काढून टाकतो." काढून टाकते म्हणजे खेळातून पुसून टाकते, ट्रॅक्टर, भोपळे, सगळं. मी तो मेसेज कितीदा वाचला याची गणती नाही. स्वयंपाक केला नाही. रडले, आणि रडता रडता त्या पेटीला लाथ मारावीशी वाटली, पण मारली नाही, कारण ती तिची होती.

गुरुवारी दीर गाडी घेऊन आला. भाव बरा आला होता, कापूस जाणार होता. माणसं पाट्या भरभरून नेऊ लागली, तसं कुणाचा पाय लागू नये म्हणून मी पेटी उचलायला गेले. नुकताच तासभर मी खेळ लावून एकटीच बसले होते, दार लोटून, शनिवारपर्यंत काही सापडतं का ते पाहत, आणि ती बंद पडली होती. बोलायला मुलगी नव्हती, तरी बंद पडली होती. हे असं का, याचा विचार करतच मी पेटी उचलली तर खाली गादी चिकटून वर आली. तिला हात लावला तर कोंबडी उठल्यावर खुराड्यातली जागा असते तशी गरम. गादी ओढून काढली. पेटीच्या पोटाला एक जाळी होती. असली जाळी तिथे आहे हेच मला माहीत नव्हतं. तिच्यावर कापसाचा असा थर बसला होता की नखाने सोलला तर अखंड निघाला.

मी फोटो काढले. जाळीचा एक, गादीचा एक. खाली काहीच लिहिलं नाही, पाठवून दिले. माणसं पाट्या उचलत होती, दीर काहीतरी विचारत होता, आणि माझा फोन वाजला. दिवाळीनंतरचा तिचा पहिला फोन.

"हे खाली काय लावलं तू?"

"गादी."

"काहून?"

"तुझा कॉम्प्युटर आहे म्हणून."

ती मग समजावून सांगायला लागली. पेटीच्या तळाशी सगळ्यांना वीज वाटणारा एक डबा असतो, त्याचा पंखा खालून हवा ओढतो. म्हणजे त्याचं नाक खाली, आणि मी त्यावर उशी दाबून ठेवली होती. आकडे दिसत होते ते दुसऱ्या भागांचे, या डब्याचा आकडा कुठे दिसतच नाही. तो फार तापला की स्वतःला वाचवायला सगळं बंद करतो आणि निवला की पुन्हा चालतो. दुकानात पेटी आडवी होती, पोट मोकळं होतं, म्हणून तिथे सगळं ठणठणीत.

आणि मग मला वहीतलं ते पान उलगडलं. रोज आम्ही अर्धा तास खेळायचो, तेवढ्यात डबा तापत नसे. मनातलं बोलायचं असलं की मात्र आमच्या घरात कोणीच सरळ बोलत नाही. आधी शाळा, मग शेजारीण, मग हवापाणी, मुद्द्यावर यायला पाऊण तास लागतो. त्यात मी दार लोटायची, पंखा बंद करायची, कापसाने भरलेली खोली भट्टीसारखी व्हायची. पोरगी नेमकी मुद्द्यावर यायची आणि डब्याचा जीव गुदमरायचा. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

"म्हणजे तू बंद नव्हतं केलं."

"नाही व माय."

"मी तुले उगाच बोलली," ती म्हणाली. मी पदराने डोळे पुसत होते. दिराला वाटलं, कुणीतरी गेलं. मी हातानेच नाही म्हटलं.

शनिवारी पेटी लाकडी पाटावर होती. खोली रिकामी, मोठी वाटत होती. आम्ही ठरल्याप्रमाणे सातला भेटलो. वावर पुसायचं नाव तिने काढलं नाही. भोपळे काढले, शाळेचं झालं, शेजारणीचं झालं. पाऊण तास झाला, तास झाला, पेटी मजेत चालत होती. मग ती बोलायला लागली.

लग्न करायचं नाही, म्हणाली. दारव्ह्याच्या मुलाशी नाही आणि कुणाशीच नाही. मी ऐकत होते. म्हटलं, का ते तरी सांग.

ती म्हणाली, "तुमचं पाह्यलं न मी. तू अन् बाबा एका घरात राह्यले आणि कधी बोलले नाही. मी लहानपणी तुमचे निरोप इकडून तिकडे नेत होती. बाबाले सांग जेवाले बसा म्हणा, आईले सांग भूक नाही म्हणा. मले थे घर पुन्हा नाही पाहिजे."

माझा हात भिंतीवरच्या बोर्डाकडे गेला आणि मी बटण दाबलं.

खोलीत एकदम शांत झालं. हेडफोन डोक्यावरच होता. हे सगळं खरं होतं, आणि तिने ते मोजून लक्षात ठेवलं होतं, हे मला सहन झालं नाही.

लगेच फोन वाजला. ती घाईघाईने, अगदी मायेने बोलत होती. "पुन्हा गेलं का? जाळीत अजून कापूस अडकला असन. तू घाबरू नको, थंड होऊ दे दहा मिनिटं."

फक्त हो म्हणायचं होतं. तिने विश्वास ठेवला असता. आता तर पुरावा होता, फोटो होते, कापसाचा तो थर मी कागदात गुंडाळून ठेवलेला होता. हो म्हटलं असतं तर ती पुढेही रोज आली असती, भोपळे काढले असते आणि हा विषय पुन्हा काढायला तिला आणखी एक वर्ष लागलं असतं.

"मशीन चांगलं आहे," मी म्हटलं. "मी बंद केलं."

फोन कापल्याचा आवाज येईल म्हणून मी वाट पाहत राहिले. तिने कापला असता तर मला बोलायला तोंड नव्हतं.

"मग लाव," ती शेवटी म्हणाली. "माझं अजून सांगून नाही झालं."

मी बटण दाबलं. दिवे लागले, पडदा उजळला, ती वावरात उभी होती. ती बोलत होती तोवर मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.